दोघी विहिणींची नागीण

संजीवनीबाईंना मरायचं नव्हतं. निदान सुनेच्या डोहाळजेवणाआधी तर मुळीच नाही. हॉल ठरला होता, हिरवी साडी कपाटात येऊन पडली होती, फुलांच्या दागिन्यांची ऑर्डर गेली होती. अशात एका सकाळी आंघोळ करताना त्यांचा हात कमरेला लागला आणि तिथेच थांबला. परकराची नाडी जिथे बांधतात, बरोबर त्याच रेघेत पुरळ उठलं होतं. लाल, टणक, मोहरीएवढे दाणे. आणि खाज म्हणाल तर अशी, की माणसाने लाज सोडून चारचौघांत खाजवावं. बाईंनी बाथरूमचं दार पुन्हा एकदा नीट लावून घेतलं आणि आरशात मान वळवून पाठ बघितली. रेघ पाठीमागूनही गेली होती.

आता कोणी दुसरी बाई असती तर तिने म्हटलं असतं, चावलं असेल काहीतरी. पण संजीवनीबाई जुन्नरकडच्या. त्यांच्या माहेरी एका काकांना नागीण झाली होती, तिचं तोंड शेपटीला टेकलं, विळखा पुरा झाला आणि काका गेले, ही कथा त्या फ्रॉक घालत होत्या तेव्हापासून ऐकत आलेल्या. काका खरं तर म्हातारे होऊन, दम्याने गेले होते. पण ते कथेत कोणी सांगत नसे. बाईंनी आरशात बघून बोटं लावली. पुढे बेंबीच्या अंगाला चार बोटं जागा मोकळी होती. तेवढीच काय ती आयुष्याची शिल्लक, असं त्यांनी मनाशी धरलं आणि साबण न लावताच बाहेर आल्या.

हे कुठून आलं, याचा विचारच त्यांनी केला नाही. केला असता तर आठवलं असतं की आदल्या दिवशी त्या बदलापूर गावात विहिणीच्या शेतावर होत्या. विहीण म्हणजे अंजनीबाई, सून किर्तीची आई. भात पिकून पिवळं झालं होतं. अंजनीबाईंकडे दर वर्षी शेतातल्या पहिल्या लोंब्या, कुरडूची फुलं आणि आंब्याची पानं एकत्र बांधून त्याचं नवं करतात. ते दाराला बांधायचं, देव्हाऱ्याला बांधायचं, आणि अलीकडे फ्रिजला आणि लेकाच्या पोराच्या सायकललाही. यंदा लेक गरोदर, तेव्हा पहिली लोंबी तिच्याच हातची हवी, असा अंजनीबाईंचा हट्ट. मग जितेशने, म्हणजे संजीवनीबाईंच्या मुलाने, सगळ्यांना अंबरनाथहून गाडीत घालून नेलं. कुरडू नेमका बांधाच्या पलीकडे, मांडीइतक्या गवतात. दोघी विहिणी गवतात शिरल्या. किर्ती बांधावर पेंढा टाकून बसली. तिथेच सगळ्यांनी तांदळाची भाकरी आणि शिराळ्याची भाजी खाल्ली, तिथेच पाय पसरून गप्पा मारल्या, आणि घरी येऊन थकल्या अंगाने त्याच कपड्यांत आडव्या झाल्या.

गप्पा मारल्या म्हणायचं खरं, पण दोघींच्या गप्पा जरा जपूनच चालत. त्याला कारण होतं लग्नातलं. लग्नात अंजनीबाईंनी रीतीप्रमाणे विहिणीचे पाय ताटात घेऊन धुतले होते आणि संजीवनीबाई पाटावर जरा जास्तच ताठ बसल्या होत्या. अल्बममध्ये तो फोटो मोठा करून लावलाय. पुढे कधीतरी अंजनीबाई कोणाजवळ बोलल्या, की पाय धुतले म्हणून पोरगी स्वस्तात नाय दिली. ते फिरत फिरत अंबरनाथला पोचलं. तेव्हापासून दोघी एकमेकींना विहीणबाई विहीणबाई म्हणत आणि गोड बोलत. गोड बोलणं वाढलं की समजावं, मनात काहीतरी आहे.

तर नागीण. संजीवनीबाई कोणालाही न सांगता राजाबाईकडे गेल्या. रिक्षा स्टँडच्या मागच्या चाळीत राहणारी ही म्हातारी गेरूने नागीण अडवून देते, अशी तिची ख्याती. तिने गेरू कालवला, कमरेभोवती जाड पट्टा ओढला, पुढे चार बोटं मोकळ्या जागेत दोन आडव्या रेघा मारून नागिणीची वाट बंद केली. पैसे काही घेतले नाहीत. अटी मात्र घातल्या. गेरूला पाणी लावायचं नाही. नागीण झाली हे कोणाजवळ बोलायचं नाही, बोललं की ती वाढते. आणि घरात कोणी पोटुशी असेल तर तिला हात लावायचा नाही. ही शेवटची अट ऐकून संजीवनीबाईंचा चेहराच उतरला.

कारण रोज संध्याकाळी किर्तीच्या पायांना तेल लावायचं काम त्यांचंच होतं. सून दिवाणावर एका कुशीवर पडायची, बाई खोबरेल तेल कोमट करून तिच्या पोटऱ्या, गुडघ्याच्या मागच्या लवणी, घोटे असं सगळं चोळायच्या. बाळाने लाथ मारली की किर्ती त्यांचा तेलकट हात ओढून पोटावर ठेवायची. नवरा साईनाथ पेपरामागून म्हणायचे, तेलाचे डाग पडतील, आणि दोघींपैकी कोणी लक्ष द्यायचं नाही. आता बाईंनी तेलाची वाटी फळीवर ठेवून दिली ती ठेवूनच दिली. किर्तीने विचारलं तर म्हणाल्या, माझा हात दुखतो. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाल्या, जरा लांब बस गं, उकडतंय. तिसऱ्यांदा पोरीने विचारलंच नाही.

इकडे खाज काही थांबेना. गेरूवरून खाजवता येईना, मग त्या पट्ट्याखाली बोटं घालून खाजवत. नखांनी दाणे फुटले, लाली पसरली आणि मोकळी चार बोटं जागा भरत आली. रोज आरशात बघायचं आणि रोज जीव अर्धा व्हायचा. देवापुढे बसून त्या एकच मागत होत्या, की विळखा पुरा व्हायचाच असेल तर बाळाचं तोंड बघून होऊ दे. नवऱ्याला सांगावं असं शंभरदा वाटलं. पण सांगितलं की वाढते, हे राजाबाईचं बोलणं कानात बसलेलं.

किर्तीही खाजवत होती. घोट्यांवर, गुडघ्यांमागे. तिला वाटलं डास, आणि गरोदरपणात अंग खाजतं हे तिने मोबाईलवर वाचलं होतं. पुढे आठवडा उलटून गेल्यावर तिला ताप भरला. डोकं ठणकायला लागलं, अंग मोडून आलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून तापाच्या गोळ्या दिल्या. गोळी घेतली की ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. रक्त तपासलं तर डेंग्यू नाही, मलेरिया नाही. जितेश ऑफिसातून तासातासाला फोन करायचा. आणि संजीवनीबाई? त्या दारातून विचारायच्या, पाणी हवं का, पेज करू का. कपाळावर हात ठेवायला पुढे व्हायच्या आणि अर्ध्या वाटेतून मागे फिरायच्या. आपल्यामुळेच पोरीला काही झालं असणार, ह्या विचाराने त्यांना घास गिळवेना.

शेवटी किर्तीने आईला फोन लावून रडून सांगितलं, मम्मी, इकडच्या आई माझ्याजवळ येत नाहीत, माझं काय चुकलं तेच कळत नाही. एवढं ऐकल्यावर अंजनीबाई कशाच्या थांबतात! भात कापणीला आलेलं, माणसं शेतावर बोलावलेली, ते सगळं तसंच टाकून बाई तडक निघाल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत लेकीसाठी मऊ भाताचे तांदूळ आणि ओठांवर विहिणीसाठी ऐकवायचं सगळं तयार.

किर्ती आतल्या खोलीत झोपली होती. साईनाथ औषध आणायला गेले होते. अंजनीबाईंनी पिशवी ओट्यावर आपटली आणि स्वयंपाकघरातच सुरुवात केली. पोरीला ताप हाय आणि तुम्ही तिला हात लावत नाय. आम्ही गावची माणसं म्हणून का? पाय धुऊन घेताना आमचा हात चालला. संजीवनीबाईंची पंचाईत. बोलायचं तर नागीण वाढणार, न बोलायचं तर विहीण ऐकणार नाही. आणि हे सगळं चाललं असताना अंजनीबाई एका हाताने बोटं नाचवत होत्या आणि दुसऱ्या हाताने सारख्या कमरेला खाजवत होत्या. खाजवता खाजवता निरी जरा खाली सरकली. संजीवनीबाईंना नाडीच्या वर लाल पट्टा दिसला.

गेरूचा.

त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हालाही?"

अंजनीबाईंनी चटकन पदर ओढला. मग विहिणीच्या चेहऱ्याकडे बघितलं. संजीवनीबाईंनी आपली साडी बोटभर खाली केली. तिथेही गेरू. घटकाभर दोघी एकमेकींच्या कमरांकडे बघत राहिल्या. अंजनीबाई कोणाकडे गेल्या नव्हत्या, तुळशी वृंदावनाला लावायला आणलेला गेरू त्यांनी आरशापुढे उभं राहून स्वतःच फासला होता, त्यामुळे पट्टा एका बाजूला वर गेला होता आणि दुसरीकडे ओघळला होता. पुरळ त्यांनाही शेतावरून आल्याच्या दुसऱ्याच सकाळी दिसलं होतं, आणि लेकीचं डोहाळजेवण बिघडू नये म्हणून त्यांनीही घरात तोंड उघडलं नव्हतं. पुढे आपण नसू, म्हणून येणाऱ्या बाळाच्या दुपट्याची शिलाईसुद्धा घाईने उरकली होती. हे सांगताना अंजनीबाईंना हसू फुटलं. मग संजीवनीबाईंनाही. ओट्याला धरून, तोंडात पदर कोंबून दोघी हसल्या. एवढ्या दिवसांची भीती होती ती, अशी बाहेर पडली.

हसू आधी संजीवनीबाईंचं थांबलं.

"विहीणबाई, एकाच दिवशी दोघींना नागीण कशी होईल?"

अंजनीबाई म्हणाल्या, शेतात काहीतरी होतं. संजीवनीबाई म्हणाल्या, गवतात. आणि मग दोघींच्या डोक्यात एकदमच आलं, की बांधावर पेंढ्यात तिसरी कोण बसली होती.

संजीवनीबाई धावत आत गेल्या. किर्तीचं अंग चटका बसेल इतकं तापलं होतं. कित्येक दिवसांनी सासूचा हात कपाळाला लागला तशी तिने डोळे उघडले आणि तो हात तसाच गालाखाली ओढून घेतला. संजीवनीबाईंचे डोळे भरून आले, पण रडायला वेळ नव्हता. दोघींनी मिळून तिला कुशीवर केलं आणि गाऊन वर सारला. घोट्यांवर वाळलेले लाल ठिपके. आणि डाव्या गुडघ्याच्या मागच्या लवणीत, जिथे रोज तेलाचा हात फिरायचा, तिथे एक काळी खपली. गोल, कडेला लाल, विडीचा चटका द्यावा तशी. किर्तीला ती माहीतही नव्हती. एवढं पोट घेऊन वाकून तिथे बघणार कसं? आणि ती खपली दुखतही नव्हती, खाजतही नव्हती.

मग मात्र दोघींनी कोणाची वाट बघितली नाही. खालून रिक्षा आणली, किर्तीला मधे घेतलं आणि उल्हासनगरला जिथे तिचं बाळंतपणासाठी नाव घातलं होतं त्या हॉस्पिटलात निघाल्या. वाटेत संजीवनीबाईंनी जितेशला फोन केला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला अंजनीबाई रिक्षावाल्याला दोन शब्द ऐकवत होत्या आणि संजीवनीबाई सुनेच्या पोटावर हात ठेवून बाळाची हालचाल शोधत होत्या. एकदा ते आतून जोरात सरकलं, तेव्हा त्यांनी मोठ्याने देवाचं नाव घेतलं.

तिथल्या डॉक्टर आहुजा मॅडम सिंधी, पण मराठी फर्डं बोलणाऱ्या. डेंग्यूचा रिपोर्ट त्यांनी बघितला, जीभ बघितली, बाळाचे ठोके ऐकले. पुन्हा डेंग्यूचीच तपासणी करावी का, असं त्या नर्सशी बोलत होत्या. तेवढ्यात अंजनीबाईंनी, कोण बघतंय न बघतंय याची पर्वा न करता, आपली कमर त्यांच्यापुढे केली आणि म्हणाल्या, आधी हे बघा, मग पोरीच्या गुडघ्याच्या मागे बघा. संजीवनीबाईंनीही लाजत लाजत पट्टा दाखवला. मॅडम आधी हसल्या, अरे वा, मॅचिंग केलंय का म्हणाल्या. मग ती काळी खपली बघितली आणि हसणं थांबवून त्यांनी विचारलं, गवतात बसला होता का?

त्यांनी जे सांगितलं ते दोघींनी कान देऊन ऐकलं. ही नागीण नव्हे. नागीण बहुतेक वेळा शरीराच्या एकाच बाजूला उठते, आणि ती खाजण्याआधी जळते, ठणकते. तिचा विळखा पुरा होऊन माणूस मरतो हे खोटं. हे तर गवतातले चिगर. डोळ्यांना दिसायचे नाहीत इतके बारीक किडे, अंगावर चढतात आणि कपडा जिथे घट्ट बसतो तिथे अडतात. नाडी, इलॅस्टिक, मोजे, गुडघ्याची लवण. म्हणून रेघ नाडीवरून गेली. ते चावून गळून पडतात, त्वचेत घर करत नाहीत. शेतातून आल्याबरोबर साबणाने अंग चोळून धुवायचं, कपडे गरम पाण्यातून काढायचे. खाजेला कॅलामाइन, थंड पाण्याची पट्टी, फारच झालं तर गोळी. नखं कापायची आणि खाजवायचं नाही. गेरूने काही बिघडलं नसलं तरी अंगाला साबण लागू दिला नाही, आणि त्यावरून खाजवल्याने जखमा झाल्या, तेवढ्या आता स्वच्छ ठेवायच्या.

संजीवनीबाईंनी विचारलं, मग किर्तीला ताप कशाने?

मॅडम म्हणाल्या, ह्या किड्यांपैकी काही आपल्याबरोबर एक ताप आणतात. सगळे नाही, पण काही. जिथून तो अंगात शिरतो तिथे अशी काळी खपली धरते. रक्ताचा नमुना घेतला, पण रिपोर्टची वाट न बघता पोटुशीला चालणारं औषध त्यांनी लगेच सुरू केलं. अशा तापात उशीर झाला तर आईलाही धोका असतो आणि बाळालाही, हे त्यांनी लपवलं नाही. जाताना दारात थांबून त्या दोघींना म्हणाल्या, "ह्या मोसमात तापाचे पेशंट रांगेने येतात. गुडघ्याच्या मागे कोण बघतं? तुम्ही दोघी कमरा दाखवायला लाजला असतात तर मी आज चुकीच्या वाटेने गेले असते."

संजीवनीबाईंनी त्यांना हात जोडले. मग बाकावर बसून अंजनीबाईंकडे बघितलं. भांडायला आलेली ही बाई. शेतात माणसं लावलेली सोडून, ओठांवर शिव्या घेऊन आली म्हणून आज पोरीचा गुडघा उघडा झाला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण विहीण पिशवीतून कपडा काढून लेकीचा घाम पुसत होती, म्हणून त्यांनी उठून पाण्याची बाटली भरून आणली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला. त्यानंतर तो पुन्हा चढला नाही. रिपोर्ट आला तो मॅडम म्हणाल्या तसाच. बाळाचे ठोके छान लागत होते. जितेश हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून लहान मुलासारखा रडला. मॅडमनी घरी जा म्हटल्यावर किर्तीने आधी हेच विचारलं, आई, आता तेल लावाल ना? संजीवनीबाई म्हणाल्या, लावते गं बाई, तू नको म्हणेपर्यंत लावते.

अंजनीबाई बदलापूरला जायला निघाल्या होत्या. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही ही त्यांची रीत, हॉस्पिटलात राहिल्या ते वेगळं. पण संजीवनीबाईंनी पिशवीच हातातून काढून घेतली आणि रिक्षात बसवून त्यांना अंबरनाथला घरी आणलं. घरी आल्यावर किर्तीला दिवाणावर निजवलं आणि बाईंनी मोरीत पाणी तापवायला लावलं. मोठी परात काढली, साबण घेतला, कॅलामाइनची बाटली जवळ ठेवली. अंजनीबाईंचे पाय त्यांनी हॉस्पिटलात बघून ठेवले होते. घोट्यांवर, पायाच्या वरच्या अंगाला दाणे फुटून चिघळले होते, आणि त्यात गेले काही दिवस चप्पल काढायलाही सवड नव्हती.

परात समोर आली तशा अंजनीबाई पाटावरून उठायला लागल्या. हे काय करताय विहीणबाई, मुलीकडच्यांचे पाय कोणी धुतं का, लोकं हसतील. संजीवनीबाईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. कमरेवरचा गेरू अजून पुरता गेला नव्हता, वाकताना त्याखालचे ओरखडे ताणले.

"तुम्ही भांडायला आलात म्हणून माझं घर राहिलं," त्या म्हणाल्या. "पाय द्या."

किर्ती दिवाणावरून बघत होती. संजीवनीबाईंनी एक पाय परातीत घेतला, साबण लावला, बोटांच्या बेचक्यांतून अलगद हात फिरवला, पाणी ओतून तो पुसला आणि प्रत्येक दाण्यावर गुलाबी औषधाचं बोट टेकवलं.

दुसरा पाय अंजनीबाईंनी न मागता पुढे केला.